गुरुवारपर्यंतची लेडी बार्कस्टेड

जगातला कुठलाही खोटारडा माणूस आपण चहाचा कप संपायच्या आत ओळखतो, अशी ड्रूसिला टटलची पक्की खात्री होती. आणि ही नुसती बढाई नव्हती. गेल्याच उन्हाळ्यात न्यूपोर्टला तिनं एक अख्खा इटालियन काउंट पकडला होता.

हा काउंट ड्रूसिलाच्या मोठ्या बहिणीच्या, लेटीच्या मागे लागला होता. मिशा अशा कोरलेल्या की हात लावायची भीती वाटावी. पण बोलता बोलता समोरच्याच्या कॉलरवर हळूच फुंकर मारायची त्याला खोड! एकदा जेवणाच्या टेबलावर त्यानं पपांची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली आणि पुटपुटला, "डावीकडे जरा राहिलंय."

"पपा, हा न्हावी आहे!" ड्रूसिला ओरडली.

होताच. ट्रेंटन गावात त्याचं दुकान निघालं.

लेटी महिनाभर रडली. पपांनी मात्र ड्रूसिलाची पाठ थोपटली. पपांचा बटणांचा कारखाना होता; अर्ध्या अमेरिकेच्या विजारी त्यांच्या भरवशावर जागच्या जागी राहत. अशा माणसाच्या मुलीभोवती बडी बडी नावं घोंगावणारच. म्हणून लेटीनं जेव्हा इंग्लंडच्या लॉर्ड बार्कस्टेडला होकार दिला, तेव्हा बंदरावर निरोप देताना पपांनी ड्रूसिलाला बाजूला घेतलं. त्यांना कारखाना सोडून निघता येत नव्हतं.

"डोळे उघडे ठेव, ड्रू. माणूस बटणासारखा असतो. पुढून सगळेच चकचकीत. उलटून बघायचं."

हे लेटीनं ऐकलं असावं. बोटीवर डेकच्या कठड्याशी उभी असताना ती शांतपणे म्हणाली, "या वेळी काही उलटसुलट केलंस ना, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. आणि तू तिकडे, मी इकडे, मध्ये हे एवढं पाणी. मला ते अवघडही जाणार नाही."

ड्रूसिला हसली. पण ते वाक्य माशाच्या काट्यासारखं घशात अडकून बसलं. भांडायला, कपडे पळवायला, रात्री पांघरुणात पाय घालून गप्पा मारायला आता घरात कोणी नसणार, हे तिला पहिल्यांदाच नीट कळलं. इतकी लाडकी बहीण देऊन टाकायची, तर निदान माणूस तरी खरा हवा.

बार्कस्टेडचं घर रेल्वे स्टेशनाएवढं मोठं होतं आणि तितकंच गार. लॉर्डसाहेब, म्हणजे बर्टी, उंच, सडपातळ, कान थोडे बाहेर आलेले. काहीही सांगा, "खरंच?" म्हणायचा. ड्रूसिलानं त्याला चहावर चहा पाजले. कॉलरवर फुंकर नाही, कोणाची हनुवटी उचलणं नाही, साधा नखं खाण्याचाही दोष नाही.

हेच मुळात संशयास्पद होतं.

लग्न गुरुवारी, गावातल्या चर्चमध्ये. मंगळवारी ममा आणि लेटी लग्नाचा पोशाख अंगावर बसतो की नाही ते बघायला लंडनला गेल्या. चहापर्यंत परतणार होत्या. घरात ड्रूसिला, नोकरमाणसं आणि बर्टी. बर्टीची आई हवापालटाला बाथ नावाच्या गावी गेली होती, ती बुधवारी येणार होती. असं बर्टीनं सांगितलं होतं. सांगताना त्याचे कान लाल झाले होते. ड्रूसिलानं ते टिपून ठेवलं होतं.

आणि स्वयंपाकघराच्या बोळात तिला घरकाम बघणाऱ्या बाईंचा दबका आवाज ऐकू आला.

"फीबी, सूप मागच्या दारानं ने. लेडी बार्कस्टेडना आता तेवढंच द्यायचं, पातळ सूप. आणि त्या अमेरिकन मंडळींच्या कानावर जाता कामा नये. लॉर्डसाहेबांनी बजावलंय."

ड्रूसिला भिंतीला पालीसारखी चिकटली. लेडी बार्कस्टेड? लॉर्डची बायको ती लेडी, एवढं तर बटणवाल्याच्या मुलीलाही ठाऊक होतं. पण लेटी गुरुवारी लेडी होणार होती. मग मंगळवारीच ही कोण लेडी सूप पिऊन राहिली होती?

फीबी झाकलेलं तबक घेऊन निघाली, तशी ड्रूसिला अंगणात तिला आडवी गेली.

"फीबी, लेडी बार्कस्टेड कोण गं?"

फीबी थबकली. "लॉर्ड बार्कस्टेडच्या पत्नी, मिस. म्हणजे... मला बोलायची मनाई आहे, मिस."

"लग्न झालंय त्यांचं? अगदी खरंखुरं?"

"अहो, थाटात झालं म्हणतात. मी नव्हते तेव्हा."

"मूलबाळ?"

"एकच मुलगा, मिस. हुबेहूब वडिलांच्या वळणावर गेलाय. दिवसभर घोड्यावर." आणि फीबी बदकासारखी घाईघाईनं बागेपलीकडच्या छोट्या दगडी घराकडे निघून गेली.

मुलगा! घोड्यावर बसण्याइतका मोठा! ड्रूसिलानं तबेल्यात जाऊन बघितलं. तिथं फक्त बर्टी होता, घोड्याला गाजर भरवत.

"कोणाला शोधतेस?" त्यानं विचारलं.

"मुलाला," ड्रूसिला त्याच्या डोळ्यांत रोखून बघत म्हणाली.

"खरंच?" बर्टी म्हणाला. केवढा निर्ढावलेला माणूस!

लेटीला सांगायचं, तर पुरावा हवा होता. ड्रूसिलानं टोपी चढवली आणि थेट चर्च गाठलं. पाद्रीबाबा लग्नासाठी लिलीच्या फुलांच्या टोपल्या मांडत होते. म्हातारा माणूस, मन सगळं फुलांत.

"लॉर्ड बार्कस्टेडचं लग्न याच चर्चमध्ये झालं का हो?"

"इथंच झालं," पाद्रीबाबा मान वर न करता म्हणाले. "आणि आता इथंच आहेत. तुम्ही त्यांच्यावर उभ्या आहात."

ड्रूसिलानं टुणकन उडी मारली. पायाखालच्या संगमरवरी शिळेवर कोरलं होतं: लॉर्ड बार्कस्टेड, ऑगस्टाचा प्रिय पती. पुढच्या ओळींवर लिलीची टोपली बसली होती.

"आणि मग गुरुवारी कोणाचं लग्न आहे?" तिनं बारीक आवाजात विचारलं.

"लॉर्ड बार्कस्टेडचं," पाद्रीबाबा म्हणाले. "जरा सरकता का? आता तुम्ही फुलांवर उभ्या आहात."

बाहेर येऊन ड्रूसिला कुंपणाच्या भिंतीवर बसली आणि तिनं शांतपणे विचार केला. एक तर हा माणूस लग्न झालेला होता, नाहीतर मेलेला होता. दोन्हीपैकी काहीही असलं तरी लेटीनं त्याच्याशी लग्न करणं बरं नव्हतं.

आता एकच जागा उरली होती. छोटं दगडी घर.

दार लोटलेलंच होतं. आत पडदे ओढलेले, अंधूक उजेड, कापराचा वास. खुर्चीत एक बाई बसली होती. डोक्यापासून हनुवटीपर्यंत लोकरीची शाल गुंडाळलेली. दिसत होतं ते फक्त नाक आणि एक करडा, चिडलेला डोळा.

"तुम्हीच लेडी बार्कस्टेड?" ड्रूसिलानं कुजबुजत विचारलं.

"हो." आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा. "गुरुवारपर्यंत तरी. तू अमेरिकन ना? दार न वाजवता आलीस त्यावरूनच कळलं."

"गुरुवारनंतर काय होणार?"

"नवी येणार. मग मी इथं, ती तिथं." शालीतून एक बोट निघालं आणि खिडकीबाहेरच्या मोठ्या घराकडे वळलं.

"आणि तुम्ही गप्प बसणार?"

"बोललं की दुखतं."

ड्रूसिलाच्या डोळ्यांत पाणीच आलं. केवढं हे दुःख, आणि किती थोडक्या शब्दांत! ती बाईंच्या पायाशी बसली. "बर्टी... तो येतो का कधी इकडे?"

"रोज येतो. आज सकाळी आला आणि गालाची पापी घेतली. मी किंचाळले."

"तुमचं कोणीच ऐकलं नाही?"

"ऐकून काय करणार? या घरात हीच रीत आहे. माझ्या आधीचीलाही इथंच आणून बसवलं होतं. तिचं या खुर्चीतच आटोपलं."

"आधीची?" ड्रूसिलाचा आवाज फाटला. "म्हणजे तुम्ही पहिल्या नाही?"

"पहिली? ती बघ पहिली." बोट भिंतीकडे वळलं. अंधारात तसबिरींची रांग होती. उंच कॉलरच्या, पांढऱ्या टोपाच्या, मांडीवर कुत्रं घेतलेल्या बायका. एकीच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. "सगळ्या लेडी बार्कस्टेड. शेवटी सगळ्या इथंच आल्या. त्या कोपऱ्यात अजून एक खिळा मोकळा आहे."

खिळा! लेटीसाठी!

ड्रूसिला ताडकन उठली. "चला माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता. चहाला सगळे जमले असतील. तुम्ही काही बोलू नका, नुसतं उभं राहा. बाकीचं मी बघते."

करडा डोळा तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग बाई खुर्चीचा हात धरून उठल्या. "चल. सूप पिऊन पिऊन कंटाळले आहे. बघू तरी तू काय करतेस."

मोठ्या दिवाणखान्यात ममा आणि लेटी नुकत्याच येऊन बसल्या होत्या. लेटीच्या गालांवर प्रवासाची लाली, हातात काकडीचं सँडविच. शेजारच्या गावचा एक कर्नल आणि त्याची बायको चहाला आली होती. बर्टी ममांच्या कपात साखर घालत होता. ड्रूसिलानं दार धाडकन उघडलं. तिच्या दंडाला धरून शालीचं गाठोडं उभं होतं.

"लेटी, ते सँडविच खाली ठेव."

"ड्रू," लेटी सावकाश म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची लाली ओसरली. "नको हं. मी तुला बोटीवर काय सांगितलं होतं?"

"आठवतंय. तू माझ्याशी जन्मात बोलू नकोस, चालेल मला. पण मी तुला त्या खिळ्याला टांगू देणार नाही." ड्रूसिला रेटून बोलत राहिली. "या माणसाचं लग्न झालंय. त्याला घोड्यावर बसणारा मुलगा आहे. ही त्याची बायको, लेडी बार्कस्टेड. हिला तो पातळ सुपावर कोंडून ठेवतो. हिच्या आधीच्या ओळीनं भिंतीवर आहेत. आणि तो स्वतः चर्चमध्ये पुरलेला आहे!"

कर्नलनं हातातला कप खाली ठेवला. ममांनी भोवळ आल्यावर वास घ्यायची बाटली चाचपली. सगळे बर्टीकडे वळले.

बर्टी साखरेचा चिमटा हातात धरून उभा राहिला होता. कान लालबुंद.

"आई," तो म्हणाला, "तुझा दात कसा आहे?"

ड्रूसिला शालीकडे वळली.

"आई?" ड्रूसिला म्हणाली.

"तिची दाढ सुजली, म्हणून ती बाथहून लवकर परत आली," बर्टी अजिजीनं ममांना सांगू लागला. "तोंड भोपळ्यासारखं झालंय. म्हणाली, नव्या व्याह्यांना मी अशी दिसणार नाही. मलाच खोटं बोलायला लावलं. वडील गेले तीन वर्षांपूर्वी. चर्चमध्ये ते आहेत. आता लॉर्ड बार्कस्टेड मी आहे, आणि माझं लग्न होईपर्यंत लेडी बार्कस्टेड ही. मग ही 'थोरल्या लेडी' होणार आणि त्या घरात राहायला जाणार. आणि मुलगा... तो बहुतेक मीच असेन."

"आणि भिंतीवरच्या?" ड्रूसिलाला दुसरं काही सुचेना.

"सासवा," शालीतून आवाज आला. "सगळ्या सासवा."

आणि गाठोडं गदगदायला लागलं. आधी वाटलं बाई रडताहेत. पण त्या हसत होत्या. हसता हसता त्यांनी गाल गच्च धरला, "अगं आई गं," म्हणाल्या, आणि मग अचानक थांबल्या. रुमाल तोंडाला लावला. शाल काढली. करडे डोळे दोन झाले.

"फुटलं," त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या. "गळू फुटलं. डॉक्टर दहा दिवस शेक देत होता. मला एक सँडविच द्या."

लेटी हसली नाही. ती खिडकीबाहेरच्या छोट्या घराकडे बघत होती. "बर्टी," ती म्हणाली, "म्हणजे उद्या आपल्याला मुलगा झाला, त्याचं लग्न झालं, की मलाही तिकडे जावं लागणार?"

"फार उबदार घर आहे ते," बर्टी म्हणाला.

ममा आता बर्टीकडे डोळे बारीक करून बघू लागल्या. पण ड्रूसिलाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती लेटीच्या तोंडाकडे बघत होती. बुधवार आला आणि गेला. लेटी एक शब्द बोलली नाही. रात्री मात्र पांघरूण हळूच उचललं गेलं, दोन गार पाय ड्रूसिलाच्या पायांना टेकले, आणि कोणीही काही न बोलता दोघी झोपी गेल्या.

गुरुवारी चर्च खचाखच भरलं होतं. थोरल्या लेडींनी ड्रूसिलाला हट्टानं आपल्या शेजारी बसवून घेतलं होतं. "ही माझ्याजवळ असलेली बरी," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

पाद्रीबाबांनी पुस्तकातून मान वर केली आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "या विवाहाला कोणाची काही हरकत असेल, तर त्यानं आत्ता बोलावं."

आणि अख्खं चर्च ड्रूसिलाकडे वळलं. कर्नल वळला, कर्नलची बायको वळली, फीबी वळली, ममा वळल्या. खुद्द नवरदेव वळला. थोरल्या लेडींनी पिशवीतून टॉफीचा भला मोठा तुकडा काढला आणि ड्रूसिलाच्या तोंडात कोंबला. याच टॉफीनं त्यांच्या दाढेचं वाटोळं केलं होतं. ड्रूसिलाचे दात वरखाली गच्च चिकटले.

आणि खरं सांगायचं, तर ड्रूसिलाची एक हरकत होतीच. अगदी लहानशी. सगळ्या चर्चमध्ये फक्त तिलाच दिसलं होतं की वळताना बर्टीचा बूट लेटीच्या लांबलचक जाळीच्या ओढणीवर पडलाय आणि तिथंच आहे. तिनं बोट केलं. तिनं भुवया उडवल्या. तिनं "अंऽऽ" केलं. थोरल्या लेडींनी तिचा हात खाली दाबला.

पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला. ऑर्गन वाजला. लेटीनं हसऱ्या चेहऱ्यानं पहिलं पाऊल टाकलं.

खर्रर्र.

तेव्हाही सगळ्यांनी ड्रूसिलाकडेच पाहिलं.