पंख्याची शास्त्रशुद्ध चाचणी

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या सकाळी तीन पंखे होते, दोन पाने, एक पक्कड आणि पाच कप चहा. माणसं चारच. पाचवा कपही मेकॅनिकचाच, कारण पहिला रिकामा झाल्याशिवाय त्याचं मत तयार होत नसे.

पंखे छताचे नव्हेत, मासेमारीच्या होडीचे. होडीच्या मागे टांगलेलं इंजिन पाण्यात फिरवतं ते. जुन्या पंख्याची पाती खडकावर आपटून दुमडली होती. दुकानदाराने तीन नवे दिवसभरासाठी दिले होते: एक ठेवा, उरलेले संध्याकाळी ओरखडा न पाडता परत आणा. दिसायला तिघं सख्खी भावंडं. फरक पिचचा, म्हणजे एका फेरीत पंखा होडीला किती इंच पुढे ढकलायला बघतो त्याचा. एक नऊचा, एक अकराचा, एक तेराचा.

पंखे तीन आणि मतं चार! सासऱ्यांनी मडकं घेताना वाजवून बघावं तसे तिन्ही पंखे बोटाने वाजवले आणि अकराचा उचलला. जुना अकराचाच होता, त्याच्या आधीचाही. मेकॅनिकने तेराचा सुचवला, कारण त्याच्या मेहुण्याच्या होडीला तेराचा होता. सासूबाईंचं म्हणणं, सगळ्यात कमी आवाज करील तो घ्या. आणि चौथं मत जावयाचं: मत हा प्रकारच मुळात चुकीचा.

"मोजूया," तो म्हणाला. "पूर्ण जोरात सोडल्यावर इंजिनने मिनिटाला पाच ते सहा हजार फेऱ्या द्याव्यात, असं कंपनी सांगते. जो पंखा त्या पट्ट्यात बसेल तो आपला."

जावई विज्ञानाचा पदवीधर. लग्नानंतर तो मोठ्या हौसेने सासऱ्यांच्या धंद्यात उतरला होता, पण आजवर बर्फ फोडणं आणि पेट्या उचलणं यापलीकडे त्याची बढती झाली नव्हती. होडीचं चाक सासरे कुणाच्याच हाती देत नसत. मुलीच्याही नाही, आणि मुलगी तर नवऱ्यापेक्षा बरी होडी चालवायची. कामावर जाताना तीच त्याला बजावून गेली होती, की हवं तेवढं मोज, पण शहाणपणा करू नकोस.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "ठीक आहे. उद्या मोसम सुरू होतोय. तुमचा पंखा लागू पडला, तर मोसमभर चाकावर तुम्ही. नाही पडला, तर बर्फ आहेच."

रिकामी होडी पळवून चाचणी होत नाही, नेहमीइतकं ओझं हवं. जावयाने पाण्याचे ड्रम भरून चढवले, जाळी चढवली, मासे तोलायचा काटा धक्क्यावर ओढून आणला आणि मेकॅनिकला त्यावर उभं केलं. सासूबाई काट्यावर चढणार नव्हत्या. त्यांनी तोंडी सांगितलेला आकडा त्यांच्या लग्नाच्या फोटोशी जुळणारा होता. जावयाने तो मान खाली घालून मान्य केला.

शिवाय त्या रिकाम्या हाताने आल्या नव्हत्या. बाहेरच्या खोलीतला गालिचा गुंडाळून काखेत होता.

"आई, हा कशाला?"

"असू दे की. तुम्हाला वजनच हवंय ना?"

बिनतोड. गालिचा काट्यावर गेला. नऊ किलो.

चाचणीपुरता जावई मधोमध चाकाशी, डोळे फेऱ्यांच्या काट्याला चिकटलेले. शेजारी मेकॅनिक, मेहुण्याच्या होडीची थोरवी सांगत. सासरे पुढच्या टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून. सासूबाई आणि गालिचा मागे. प्रत्येक पंख्याला एक धाव वाऱ्याच्या दिशेने, एक वाऱ्याच्या विरुद्ध. तेराच्या पंख्याने इंजिन कसंबसं साडेचार हजारांवर गेलं, तेव्हा काटा बिघडल्याचं मेकॅनिकने जाहीर केलं. अकराच्याने चार हजार नऊशे. नऊचा लावला आणि काटा पाच हजार चारशेवर जाऊन ठाण मांडून बसला. आपण पहिल्यापासून नऊच म्हणत होतो, असं मेकॅनिकला आठवलं.

सासऱ्यांचं तेवढं समाधान नव्हतं. "आज होडी जड चाललीय. मागून कुणी धरल्यासारखी."

"बाबा, किलोकिलो मोजलंय. तसं नुसतं वाटतं. वाटणं मोजता येत नाही."

नऊचा ठेवला, बाकीचे दोन बिनओरखड्याचे परत गेले आणि दुकानदाराने ते लगोलग विकलेही.

पहाटे जावई चाकावर उभा राहिला. धक्क्यापासून दूर जाताच त्याने इंजिन पूर्ण जोरात सोडलं. शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं ते किंचाळलं, काटा सहा हजार ओलांडून गेला आणि इंजिन स्वतःच्या जिवाला जपत उचक्या द्यायला लागलं. आवाज विमानाचा आणि चाल वरातीची! एकेक होडी शेजारून पुढे गेली. मेकॅनिकच्या मेहुण्याने तर हात हलवून तब्येतीची चौकशी केली. मासळीपाशी सगळ्यांत शेवटी पोचलेली होडी सगळ्यांत शेवटी परतली.

धक्क्याच्या कठड्यावर एक निळाशार गालिचा वाळत होता. शेजारी सासूबाई, चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

"बघा कसा निघालाय. इतकी वर्षं मी याला तपकिरीच समजत होते."

"कुठे धुतलात, आई?" जावयाने विचारलं.

"तुमच्या मागेच की. तुम्ही उगाच इकडून तिकडे फेऱ्या मारणार, म्हटलं तेवढंच काम होईल. दोर चांगला लांब सोडला होता हं, पंख्यात अडकायला नको म्हणून. आणि तुम्ही पंखा बदलत होतात, तोवर छान भिजला."

ज्या गालिच्याचं वजन होडीत धरलं होतं, तो होडीत नव्हताच. तो पाणी पिऊन, अंग पसरून, सहाही धावांत होडीचा पदर धरून बसला होता. मेकॅनिकला तोंड लपवायला एवढ्या मोठ्या धक्क्यावर जागा सापडेना. जावई निमूटपणे बर्फाच्या हातोड्याकडे वळला.

"थांबा," सासरे म्हणाले. "चूक गालिच्याची की मोजण्याची, हे कसं कळायचं?"

"पुन्हा करून बघायला हवं," जावई सवयीने बोलून गेला.

"मग करा. तोच पंखा, तेवढंच वजन, तीच माणसं, तोच गालिचा. कालचाच आकडा आला तर माणूस भरवशाचा, पंखा दुसरा मागवू. चाक तुमचं. नाही आला, तर हातोडा."

धुतलेला गालिचा पुन्हा पाण्यात घालायला सासूबाई एकाच अटीवर तयार झाल्या: त्यांचं वजन कालचंच धरायचं.

ड्रम चढले. सगळा धक्का कामं टाकून बघायला उभा राहिला. गालिचा पाण्यात गेला, दोर कालच्याइतकाच लांब सुटला. या वेळी सासरे पुढच्या टोकाला बसले नाहीत. चष्मा लावून ते फेऱ्यांच्या काट्यासमोर येऊन उभे राहिले. जावयाने इंजिन पूर्ण जोरात सोडलं. एकदा वाऱ्याच्या दिशेने, एकदा विरुद्ध.

पाच हजार चारशे. दोन्ही वेळा.