प्रदीप लॉन्स, कासार आंबोली

आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या गवत कापलं गेलंय. आजोबांनी कापलं, दादांनी, म्हणजे वडिलांनी, कापलं, आईनं तर उभा जन्म विळा हातातून खाली ठेवला नाही. पण ते सगळं म्हशीसाठी! कधी आपल्या, बहुतेक वेळा दुसऱ्याच्या. गवत लावायचं, त्याला पाणी घालायचं, मग ते कापायचं आणि फेकून द्यायचं, हा थाट आमच्या घराण्यात पहिल्यांदा मी करणार होतो. आणि तोही पेट्रोलवर!

विमा कंपनीतून निवृत्त झालो आणि कासार आंबोलीला दादांच्या जागेवर छोटंसं घर बांधलं. पुढे थोडं अंगण उरलं. माझी बायको नम्रता म्हणाली, "इथे वांगी लावू." आई म्हणाली, "हितं म्हस बांदू." मी म्हणालो, "इथे हिरवळ करायची! गवत!"

"आरं, गवात लावत्यात व्हय?" आई माझ्याकडे बघतच राहिली. "ते आपसूक येतंया!"

आता मला गवताचं एवढं वेड का, तेही सांगतो. शाळेच्या वाटेवर मुंबईच्या एका साहेबाचा बंगला होता. मी आणि माझा चुलतभाऊ धम्मपाल तारेच्या कुंपणाला नाक लावून उभे राहायचो. आत माळी एक यंत्र ढकलत असायचा. कचकच कचकच! गवत भुरभुर उडायचं आणि कापल्या गवताचा तो ओला वास कुंपणाबाहेर यायचा. आम्हाला तो वास चांगलाच ओळखीचा. संध्याकाळी दादा डोक्यावर भारा घेऊन यायचे तेव्हा तोच वास घरभर व्हायचा. भारा टाकला की आम्ही पोरं त्यात हात खुपसायचो, कारण आत हमखास एखादं वाळूक, म्हणजे शेतातली गावठी काकडी, लपवलेलं असायचं. दादा मात्र तोंड धुता धुता म्हणायचे, "आरं, ते कुटनं आलं?"

साहेबाच्या गवतात वाळूक नव्हतं, पहारेकरी होता. "ए, चला पळा! गवताला पाय लावायचा नाही!"

पळता पळता धम्मपाल म्हणाला होता, "मोठं झाल्यावर आपुन बी लॉन करू. अन् कुणाला म्हंजी कुणालाच हाकलायचं न्हाई!"

"करू!" मी म्हणालो होतो. आमच्या गावात 'लॉन' हा शब्द बहुधा आम्ही दोघांनीच आणला.

तर असं ते लॉन झालं. पावसाळ्यात ते इतकं माजलं की दिवाळीपर्यंत त्यात नम्रताची एक चप्पल हरवली. ती म्हणाली, "अहो, एखादा माणूस बोलवा, तासाभरात कापून देईल." मी म्हणालो, "मग निवृत्त कशाला झालो?" विजेचं मशीन घ्यावं तर वायर पुरेना, आणि पुरली तरी आमच्याकडे वीज पुरत नाही. मोबाइलवर मशीनचे व्हिडिओ बघून बघून मी एवढा तयार झालो की झोपेतही 'फोर-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक' म्हणायचो, अशी नम्रताची तक्रार आहे.

भूगावच्या दुकानात मनीष नावाचा एक तरतरीत विक्रेता होता. त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "काका, घरासाठी की लॉनसाठी?"

"लॉनसाठी!" मी छाती पुढे काढून म्हणालो. प्रश्न जरा विचित्रच होता. घरात कोण गवत कापतं?

"अरे वा! नवीन?"

"यंदाच केलं."

"किती बसतात?"

केवढी ही आपुलकी! मी म्हणालो, "पाच-सहा आरामात. दाटीवाटीनं आठ."

मनीषनं शीळ घातली. या धंद्यात 'शे' तोंडानं म्हणत नाहीत, ते समजून घ्यायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

"आणि स्टेज?"

"अजून अगदी सुरुवातीची स्टेज आहे."

"लाइट गेली तर?"

"इन्व्हर्टर आहे."

"जनरेटर घ्या काका. ऐन वेळी लाइट गेली की लोक ओरडतात."

"आमच्याकडे एकटी बायकोच ओरडते," मी म्हणालो. तो एवढा हसला की मला वाटलं, माणूस गुणी आहे, याच्याकडूनच घ्यायचं.

मी कोपऱ्यातल्या एका लहानशा मशीनकडे बोट दाखवलं. "छे छे! ते तुमच्यासाठी नाही!" म्हणत त्यानं मला थेट मागच्या बाजूला नेलं. तिथे जे उभं होतं त्याला मशीन म्हणायला माझी जीभ रेटेना. लाल भडक, रुंद पात्याचं, मागे गवत साठवायला पोत्याएवढी पिशवी. शिवाय ते ढकलावंही लागत नव्हतं, चाकं आपली आपण चालायची!

"हा दांडा दाबला की चालतं, सोडला की थांबतं," मनीष म्हणाला. "काही झालं, घाबरलात, तर फक्त सोडून द्यायचं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

मशीन टेम्पोत चढलं. "विकास, प्रदीप लॉन्सला सोड रे, कासार आंबोली!" मनीष ओरडला. मला वाटलं, बिलावरचं माझं नाव वाचून पोरगा प्रेमानं म्हणतोय. विकासनं गाडी काढता काढता विचारलं, "काका, रोडलाच हाय का लॉन?"

"रोडला लागूनच."

"मंग लई चालंल!"

"न चालायला काय झालं? नवीन कोरं आहे!" मी म्हणालो. तो बोलत होता लॉनबद्दल, मी बोलत होतो मशीनबद्दल, आणि आम्ही दोघंही वाटभर खूश होतो.

दुसऱ्या दिवसापासून गावात फरक पडला. चहाच्या टपरीवर लोक मला 'शेठ' म्हणायला लागले. मला वाटलं, पेट्रोलच्या मशीनचा रुबाबच तसा! आणि मग धम्मपालचा फोन आला. तो भूगावला राहतो. घरभरणीला येऊन गेला होता, पण तेव्हा अंगणात नुसती खडी होती.

"जय भीम! परदीप, लॉन केलंस म्हणं!"

"जय भीम! केलं की!"

"आन् मला सांगितलं न्हाईस? त्या टेम्पोवाल्या विकासकडनं कळावं व्हय! बरं, सत्तावीसला रिकामं हाय का?"

"मला विचारशील तर मी रोजच रिकामा!"

"आमी समदी आलो तर चालंल?"

"अरे, समदी या! विचारतोस काय?"

"शबुद?"

"शब्द!"

मग तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बोलला तसं केलंस गड्या!" आणि फोन ठेवला. मीही डोळे पुसले. म्हटलं, गवताचं एवढं कौतुक करणारा भाऊ कुणाला मिळतो!

रविवारी मशीन सुरू करायचा मुहूर्त होता. आई ओट्यावर बसली. मशीनची दोरी धरली आणि मला एकदम विहिरीवरचं जुनं रॉकेलचं इंजिन आठवलं. दादा त्याला दोरी गुंडाळायचे आणि मला म्हणायचे, "हाण हिसका, वाघा!" मी हिसका हाणला. काही नाही. आणखी हाणला. खांद्यातून कट्ट असा आवाज आला, मशीनमधून आला नाही. नम्रता आतून म्हणाली, "पेट्रोल घातलंत का?"

पेट्रोल घातलं. या खेपेला हिसक्यासरशी मशीन असं गरजलं की आंब्यावरचे कावळे थेट पौडाच्या दिशेनं गेले. मी दांडा दाबला आणि मशीन निघालं. माझ्याशिवायच निघालं होतं, मी मागून गाठलं!

आता इथे आमच्या घरचं वळण आडवं आलं. लहानपणी म्हैस चारायला नेताना दादांनी एकच गोष्ट शिकवली होती, "काय बी हू दे, म्हस उधळू दे, कासरा सोडायचा न्हाई!" म्हशीनं मला ओढ्यातून नेलं, बाभळीतून नेलं, पण मी कधी दोर सोडला नाही. तेच हाडात भिनलेलं. मशीन उधळलं तसा मी दांडा आणखी घट्ट आवळला. मी आवळीन तसं ते धावे!

"अहो, सोडा ते!" नम्रता ओरडली.

"सोडायचं नसतं!" मी ओरडलो.

लॉन केव्हाच संपलं. मशीन वाफ्यात घुसलं, कोथिंबीर गेली, आणि मग समोर आलं गवती चहाचं बेट. दादांनी स्वतः लावलेलं, घर बांधतानाही मी ज्याला कुणाला हात लावू दिला नव्हता ते! घर्र्र्र! एका दमात ते बेट पिशवीत गेलं आणि सगळीकडे गवती चहाचा असा घमघमाट सुटला की शेजारचे लोक कप घेऊन येतात की काय, असं वाटलं. फाटकाच्या खांबाला धडकून मशीन बंद पडलं. मी डोळे उघडले, तर फाटकात धम्मपाल आणि त्याची लेक कल्पना.

"मशीन झ्याक हाय!" धम्मपालनं इकडेतिकडे पाहिलं. "आन् बाकीचं लॉन कुटं हाय?"

"बाकीचं?"

"हे झालं दारातलं. मांडवाचं कुटं हाय?"

कल्पनानं मोबाइल पुढे केला. पत्रिका होती. 'मंगल परिणय. वधू : कल्पना.' आणि खाली, 'स्थळ : प्रदीप लॉन्स, कासार आंबोली.'

मी मटकन खाली बसलो. चांदणी चौकापासून पौडापर्यंत आमच्या पट्ट्यात लॉन म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. लॉन म्हणजे जिथे लग्न लागतं ते! तिथे गवत असलंच पाहिजे असं नाही, बहुधा नसतंच. अख्ख्या मुळशी तालुक्यात लॉन म्हणजे गवत समजणारा शहाणा मी एकटाच!

मी सगळं सांगितलं. धम्मपालचा चेहरा उतरत उतरत गेला. "पत्रिका समद्यांना गेल्यात रं. नवऱ्याकडच्या, माणच्या पाव्हण्यांना ताठ मानंनं सांगितलं, लगीन भावाच्या लॉनवर हाय. आता सत्तावीसला कुटलंच लॉन मिळायचं न्हाई."

"पप्पा, राहू द्या," कल्पना म्हणाली. "विहारात लावू." पण विहारात माणसं मावणार किती, हे तिलाही माहीत होतं. तिनं मान खाली घातली.

धम्मपाल माझ्या शेजारी गवतात बसला. "मला वाटलं, तुला ते ध्यानात व्हतं. त्या सायबाच्या बंगल्याचं. कुणालाच हाकलायचं न्हाई म्हणलो व्हतो आपुन."

मला गलबलून आलं. त्याला तो शब्द एवढी वर्षं आठवत होता! आणि मी म्हणे गवताच्या कौतुकानं डोळे पुसत होतो.

आई तोवर पिशवीतला गवती चहा पदरात गोळा करायला लागली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "परदीप, शबुद दिलाय न्हवं?"

"दिलाय."

"मंग कासरा सोडतुस व्हय? मागलं खाचर मोकळं हाय. भात निघालंय. त्यात बसंल की समदं गाव!"

घरामागचं ते भाताचं खाचर आमचंच. सपाट होतं, ऐसपैस होतं, फक्त भाताचे बुडखे आणि मधलं रान कापायला हवं होतं. आणि ते कापायला, बरं का मंडळी, सात-आठशे माणसांच्या लॉनचं मशीन माझ्या दारात उभं होतं! मनीषचं चुकलं नव्हतं, माझंच लॉन चुकलं होतं.

मग आम्ही दोघे साठीचे म्हातारे खाचरात उतरलो. तो पुढे दगड वेचायचा, मी मागून मशीन चालवायचो. दमलो की अदलाबदल. दर फेरीला पिशवी बांधावर ओतायची आणि तो वास यायचा, तोच ओला वास. पाती बोथटली, माझी कंबर धरली, पण दिवस मावळायच्या आत खाचर अंगणासारखं झालं. शेवटची पिशवी ओतताना धम्मपाल म्हणाला, "बघ रं, आत काय तरी हाय." मी हात खुपसला. काकडी! मघाशी आईकडे पाणी प्यायला गेला होता, तेव्हाच त्यानं ती ढापली असणार.

"कुटनं आली?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत!" तो तोंड धुता धुता म्हणाला. अगदी दादांसारखं. मग बांधावर बसून आम्ही ती काकडी अर्धी अर्धी खाल्ली.

सत्तावीसला लग्न झालं. मांडव खाचरात. पांढऱ्या साडीत कल्पना अशी शोभत होती की माझा खांदा दुखायचा थांबला. वंदना झाली, टाळ्या झाल्या, पाहुण्यांना गवती चहाचा चहा मिळाला. माणची मंडळी म्हणाली, "असा चहा कुठल्या लॉनवर मिळत नाही!" आणि माणचे मानकरी बसवले पुढच्या अस्सल हिरवळीवर. तिथे कोण नाचलं नाही! पोरं लोळली, बॅन्डवाले जेवले, घोडीही जेवली, आणि तिनं काय खाल्लं ते कळायला वेळ लागला नाही. धम्मपाल मात्र फाटकाशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होता, "आत या, आत या, बिनधास्त गवतावर बसा!"

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर लॉन म्हणून उरली होती नुसती तांबडी माती. गवताची एक काडी नाही. नम्रताची हरवलेली चप्पल मात्र सापडली. मी चकचकीत पुसलेलं मशीन घेऊन त्या मातीच्या कडेला उभा होतो. कापायला काहीच नव्हतं. आई ओट्यावरून म्हणाली, "आता तरी म्हस बांदू का?"

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी आवाज.

"प्रदीप लॉन्स का? पुढच्या महिन्यात लॉन रिकामं आहे का हो?"

मी एकदा समोर नीट पाहिलं.

"रिकामं?" मी म्हणालो. "साहेब, याहून रिकामं तुम्हाला सबंध मुळशीत मिळायचं नाही!"