पाटणकर सरांचं घर

आमच्या शुगर लँड गावात नवा मराठी माणूस भेटला, की लोक नोकरी विचारतात, ग्रीन कार्ड विचारतात. पाटणकर सर विचारतात, "कऱ्हाडला कधी आला होतात का? शाळेमागच्या बोळात?" समोरचा नाही म्हणाला, की सरांचा त्याच्यातला रस संपला. मी नागपूरची, त्यामुळे पहिल्याच भेटीत बाद झाले.

सरांनी जन्मभर कऱ्हाडच्या शाळेत चित्रकला शिकवली. आता शेजारी मुलाकडे राहतात आणि जलरंगात इंग्लंडच्या खेड्यांतली टोलेजंग घरं रंगवतात. इंग्लंड पाहिलेलं नाही. शाळेच्या ऑफिसातली जुनी कॅलेंडरं पाहिली आहेत. तेवढ्यावर धुराडी, वेली, हिरवळ, सगळं तोंडपाठ. इथल्या दमट हवेत कागद वाळत नाही, म्हणून गॅरेजमध्ये टेबलफॅन लावून बसतात. आमच्या कॉलनीतली एकसारखी घरं बघून म्हणतात, "छाया नाही, उठाव नाही. दहापैकी तीन." माझ्या घराला साडेतीन मिळाले, तेही दारातल्या तुळशीमुळे.

मागच्या महिन्यात नातीला शाळेत आजोबांच्या घराचं चित्र न्यायचं होतं. सरांनी झोकात इंग्लिश घर काढून दिलं, तळ्यातल्या हंसासकट. नात म्हणाली, "आजोबा, इट्स प्रिटी, बट धिस इज नॉट युवर हाउस."

दुसऱ्या दिवशी मी भाजीचा डबा द्यायला गेले, तर गॅरेजभर कागद. प्रत्येकावर कौलारू घर, आणि दाराच्या जागी नुसती खाडाखोड. पाटणकर काकू वारल्यावर मुलाने कऱ्हाडच्या बोळातलं ते घर विकलं, तिथे आता इमारत आहे. जुने फोटो आहेत ते लग्नामुंजीतल्या माणसांचे. घराचा फोटो कोण कशाला काढतंय?

"पोरांना स्मरणचित्र शिकवलं हो मी," सर म्हणाले. "पण स्वतः पायरीवर घराकडे पाठ करून बसायचो आणि इंग्लंड रंगवायचो. ही मागे दारात चहा घेऊन उभी. म्हणायची, कधीतरी आपलंही काढा. मी वळून न बघताच कप घ्यायचो."

सर धुतलेलाच ब्रश पुन्हा धूत राहिले.

"तुमच्या ओळखीचं कुणी गेलंय का हो त्या बोळात?" त्यांनी विचारलं. "आमचं दार कोणत्या हाताला उघडायचं आणि ती कुठल्या बाजूला उभी राहायची, एवढंच विचारायचं होतं."