दात न लावता खायचा पाव

स्ट्रॉबेरी सोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

माझं माहेर वाईचं. पाचगणीच्या घाटातून उतरणाऱ्या टोपल्यांतली स्ट्रॉबेरी आम्ही फ्रॉकला पुसून, प्रसंगी मातीसकट खाल्लेली आहे. तिला साल असते हे मला चाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे आखातात, फुजैरातल्या आमच्या समोरच्या फ्लॅटमधले इक्बालचाचा मुकादम एक लालबुंद स्ट्रॉबेरी चिमटीत धरून छोट्या सुरीनं तिची दाढी करायला बसले, तेव्हा मी नुसती बघत राहिले. सुरी इतकी हलकी फिरत होती की निघालेल्या पापुद्र्यातून पलीकडची खिडकी दिसावी.

"चाचा, हे काय करताय?"

"बी काढतोय. बी अडकते."

"कुठं अडकते?"

"कुठंही अडकते. खलास."

चाचांनी खलास म्हटलं की विषय बंद. पुढचा प्रश्न विचारायचा नसतो हे फुजैरा बंदरातल्या मोठ्या मोठ्या इंजिनियरांना ठाऊक आहे. कारण चाचा तिथल्या तेलाच्या टर्मिनलवर सेफ्टी ऑफिसर आहेत. गाव रत्नागिरीजवळ खाडीकाठी, आणि इथं एकोणतीस वर्षं. टाक्यांजवळ वेल्डिंगची एक ठिणगी पाडायची असली, तर आधी परमिटचा कागद भरावा लागतो आणि त्यावर चाचांची सही लागते. ती सही सहजासहजी मिळत नाही.

हा माणूस घरीही तसाच. आमची ओळख झाली तीच मुळी माझ्या मिरचीच्या फोडणीमुळे. ठसका वर गेला, छतावरचा अलार्म बोंबलायला लागला, आणि मिनिटभरात दारात एक साठीचा माणूस उभा, हातात आग विझवायचा लाल सिलिंडर. आग नाही हे पाहिल्यावर त्यांना जरा निराशाच झाली असावी. पण सिलिंडर खाली ठेवून त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "बाय, आग लागली तर जमायचं कुठं, माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. खालच्या बकाल्यासमोर, म्हणजे किराणा दुकानासमोर, हे त्यांनी मला, नवऱ्याला आणि नऊ वर्षांच्या इराला प्रत्यक्ष खाली नेऊन दाखवलं.

तर असे चाचा दर शनिवारी सकाळी पाव भाजायचे. भाजण्याआधी मला बोलावणं यायचं, कारण टर्मिनलच्या नियमाप्रमाणे एकट्यानं गरम काम करायचं नसतं. स्वयंपाकघरात चाचा पायात लोखंडी टोकाचे बूट घालून उभे असायचे. मग मला सूचना वाचून दाखवल्या जायच्या. दार इकडे, गॅसचा कॉक तिकडे, ओढणी खोचून घे. सगळ्यात शेवटी परमिटच्या कागदावर माझी सही. मी एका शाळेत सहावीला विज्ञान शिकवते. पण माझी सही इतक्या गांभीर्यानं शाळेतही कुणी घेतलेली नाही.

आम्ही त्याला केक म्हटलं की चाचा दुखावायचे.

"केक नाही. पाव. केकला वाढदिवस लागतो. पावाला भूक पुरते."

पाव म्हटलं तरी त्यात यीस्ट नव्हतं, मळणं नव्हतं, फुगायची वाट बघणं नव्हतं. मैदा, साखर, अंडी, थोडं तेल, बेकिंग पावडर, आणि लबन, म्हणजे इथं बाटलीत मिळतं ते दाट ताक. सोललेली स्ट्रॉबेरी कोरड्या मैद्यात लोळवून घ्यायची, नाहीतर ती तळाला जाऊन बसते. मग सगळं एकत्र करायचं आणि चमचा अगदी मोजका फिरवायचा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात काढायचा. "जास्त घोटलंस की पाव चिवट होतो," चाचा म्हणायचे. "माणसासारखं आहे."

पावाचा वास सुटला की तो समोरच्या दारातून आमच्या हॉलमध्ये यायचा आणि मंदार, माझा नवरा, चप्पल न घालताच पलीकडे जायचा. इरा त्याच्या आधी पोचलेली असायची. पण खायला मिळणं इतकं सोपं नव्हतं.

पाव जरा निवला की चाचा त्याचे अंगठ्याएवढे तुकडे करायचे. प्रत्येकाला एक. "दात लावायचा नाही," हा हुकूम. तुकडा जिभेवर ठेवायचा, तोंड मिटायचं, आणि चावायचं नाही. चाचांच्या हातात मोबाइलचं घड्याळ सुरू. तुकडा आपोआप विरघळला की बोट वर करायचं. आम्ही तिघं ओट्यापाशी ओळीनं तोंडं मिटून उभे, आणि समोर सेफ्टी शूज घातलेला माणूस आमच्या गालांकडे टक लावून बघतोय, असं ते दृश्य. एकदा मंदारनं त्याच्या ऑफिसातल्या साहेबांना चहाला आणलं होतं. त्यांनाही सोडलं नाही. साहेबांनी बिचाऱ्यांनी चोरून चावलं. चाचांना जबड्याच्या हालचालीवरून कळलं. "सर, आपकी टेस्ट रद्द," ते शांतपणे म्हणाले आणि त्यांना दुसरा तुकडा दिला.

निकाल नेहमी एकच. "अजून कडक आहे."

खरं सांगते, इतका मऊ पाव मी कुठल्याही बेकरीत खाल्लेला नाही. बोट टेकवलं तर खळी पडायची आणि हळूच भरून यायची. मधूनमधून स्ट्रॉबेरीचा ओलसर आंबटगोड ठिपका. इरा पोटभर खायची आणि चाचांचं तोंड बघून मला विचारायची, "आई, इट्स सो सॉफ्ट. देन व्हाय इज ही सॅड?"

चाचा एका वहीत काहीतरी लिहायचे. पुढच्या शनिवारी लबन थोडं वाढलेलं असायचं, किंवा ओव्हन थोडा मंद, किंवा पाव भाजताना शेजारी पाण्याची वाटी. उरलेला पाव आमच्या घरी. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत मंदारच्या तीन पँटी कमरेला घट्ट झाल्या. माणूस विक्षिप्त आहे, एकटा आहे, रिटायर व्हायला आलाय, काहीतरी नाद हवा, असं आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी बोलावणं आलं नाही. दहा वाजले, साडेदहा झाले. मी जाऊन बघितलं तर दार लोटलेलं होतं. चाचा स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. पायात घरातल्या सपाता. समोर ताटलीत अर्ध्या सोललेल्या स्ट्रॉबेऱ्या आणि ताटलीशेजारी फोन.

"आज काम बंद आहे, बाय," ते म्हणाले.

"बरं वाटत नाही का?"

"रिपोर्ट यायचा आहे."

मी समजले त्यांचाच. पण रिपोर्ट झुबेदाचाचींचा होता. चाचांना गावी बायको आहे हे मला माहीत होतं. तिच्याबद्दल याच्यापलीकडे काही माहीत नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं याची मला त्या स्टुलासमोर उभी राहून लाज वाटली.

चाचींच्या तोंडाचं मुंबईत ऑपरेशन झालं होतं. गालाच्या आत गाठ होती. मग रेडिएशनचे शेक दिले. त्या शेकांनी जबडा आखडला. "एवढंच तोंड उघडतं," चाचांनी दोन बोटं आडवी धरून दाखवली. "दात निम्मे काढले. जीभ हुळहुळी. बारीक बी लागली तरी डोळ्यांत पाणी येतं तिच्या. वर्ष झालं, पेज आणि खिमटावर आहे."

चाचांनी आडवी धरलेली बोटं मिटली.

"कधी काही मागितलं नाही तिनं. एकोणतीस वर्षांत साबण, सेंट, काही नाही. गेल्या पावसाळ्यात फोनवर म्हणाली, पेज बघून कंटाळा आला, एकदा पाव खावासा वाटतो. आणि म्हणाली, तुमच्या तिकडे ती लाल फळं मिळतात ना, फोटोत असतात, तसली घातलेला." चाचांनी एक स्ट्रॉबेरी उचलली आणि परत ठेवली. "व्हिसा तयार आहे. डॉक्टर म्हणाले, स्कॅन साफ आला तर पाठवू. नाही आला तर..."

सगळ्या धोक्यांसाठी ज्याच्याकडे कागद तयार असतो, त्या माणसाकडे ह्या 'तर'साठी काही नव्हतं.

मी दुसरी सुरी घेतली आणि समोर बसले. एक स्ट्रॉबेरी धड सोलायला मला पाच मिनिटं लागली. चाचांनी ती तपासली, कडेला राहिलेल्या दोन बिया दाखवल्या. मी त्या काढल्या. असे आम्ही पाऊण तास बसलो. मध्ये मंदार डोकावून गेला, मी मानेनंच नको म्हटल्यावर इराला घेऊन खाली गेला.

साडेअकराला फोन वाजला. पनवेलची त्यांची मुलगी, शबाना. हॉस्पिटलमधूनच बोलत होती. चाचांनी फोन स्पीकरवर टाकला.

"अब्बा, साफ आहे."

"वाच."

"अब्बा, डॉक्टर स्वतः म्हणाले..."

"आधी नाव वाच. मग वय. मग बाकीचं."

तिनं नाव वाचलं, वय वाचलं, मग इंग्रजीतल्या चार ओळी अडखळत वाचल्या. चाचा म्हणाले, "परत." तिनं परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ती हसत होती आणि रडतही होती, आणि मागून एक जाडसर, थोडा बोबडा आवाज आला, "पुरे करा आता. पोरीचा घसा दुखेल."

चाचांनी फोन ठेवला. उठले, नळ सोडला आणि सोललेल्या स्ट्रॉबेऱ्या धुवायला लागले. सोललेली स्ट्रॉबेरी धुतली की तिचं पाणी पाणी होतं. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. निम्म्या वाहून गेल्या. मग त्यांनी नळ बंद केला, आत जाऊन बूट घालून आले आणि माझ्यापुढे कागद ठेवला.

"सही कर, बाय. काम चालू."

झुबेदाचाची मार्चमध्ये आल्या. दुबईच्या विमानतळावरून फुजैरापर्यंत चाचांनी गाडी इतकी सावकाश आणली की शबानानं पनवेलहून दोनदा फोन केला. बाई ठेंगण्या, गोऱ्या, एक गाल आत गेलेला, डोळे मात्र सगळीकडे भिरभिरणारे. शनिवारी पाव झाला. अंगठ्याएवढा तुकडा बशीत घालून चाचा पुढे उभे राहिले आणि सवयीनं मोबाइल काढला.

"घड्याळ ठेवा खाली," चाची म्हणाल्या. "मी काय शर्यतीत धावतेय?"

घड्याळ खाली ठेवलं गेलं. चाचींनी तुकडा दोन बोटांच्या फटीतून आत सरकवला, डोळे मिटले. इरानं माझा हात धरला होता. बराच वेळ गेला. मग चाचींचा गळा हलला. त्यांनी बशी पुढे केली आणि दुसरा तुकडा मागितला. तो संपल्यावर म्हणाल्या, "मऊ आहे. गोड जरा जास्त झालाय."

चाचांनी वही उघडली नाही. मंदारनं इतका मोठा सुस्कारा सोडला की आम्ही सगळेच हसलो.

इथं ही गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. पण तीन-एक आठवड्यांनी चाचा रोज संध्याकाळी आमचं दार वाजवायला लागले. "चल बाय, चहा टाकलाय." एकदा, दोनदा ठीक आहे. दहाव्या दिवशी मी म्हटलं, चाचा, माझ्याकडे पेपर तपासायचे पडलेत, तुम्ही दोघं प्या ना. त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं.

"बाय, मला दर वर्षी चाळीस दिवसांची सुट्टी. चाळीस दिवसांचं बोलणं मला येतं. पहिले दहा दिवस गावच्या बातम्या. मग कुणाची लग्नं ठरली. मग घराची कौलं. शेवटचे पाच दिवस बॅग भरायची, त्यात बोलावं लागत नाही." लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, तरी ते हलले नाहीत. "परवा एकेचाळिसावा दिवस. एकेचाळिसाव्या दिवशी बायकोशी काय बोलतात?"

मी हसणार होते. पण ते खरंच विचारत होते.

"काही नाही बोलत, चाचा. गप्प बसतात."

"दोघंही?"

"दोघंही. मी आणि मंदार तासन् तास बसतो."

"आणि त्यात काही धोका नाही?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसत नव्हतं.

त्यानंतर चार-पाच दिवस दार वाजलं नाही. मला राहवेना. एका दुपारी साबुदाण्याच्या खिरीची वाटी घेऊन मी गेले, चाचींना चालते म्हणून. दार उघडंच होतं. बाल्कनीत दोघं शेजारी शेजारी बसले होते. समोर समुद्रात जहाजं नांगर टाकून उभी. चाची मांडीवर ताट घेऊन कोथिंबीर निवडत होत्या. चाचा निवडलेल्या काड्या उचलून एका बाजूला रचत होते. कुणी काही बोलत नव्हतं. मी उंबऱ्यातच थांबले.

चाचांचं लक्ष गेलं. ते उठले नाहीत. चाचींना कळू न देता त्यांनी मला हातानंच खुणावलं, नंतर ये.

मी वाटी आतल्या टेबलावर ठेवली आणि दार हळूच ओढून घेतलं.