अध्यक्षांच्या नाकावरची फुली

चला, लावा पैज. चौकट्याच्या दुर्बिणीची ही भानगड शेवटी कुठं जाऊन थांबली, ते आत्ताच ओळखून दाखवा. पोलिसात? चूक. दवाखान्यात? साफ चूक. बायको माहेरी गेली? छे, तेवढी शांतता कुठली त्याच्या नशिबात! बरं, बसा डोकं खाजवत. तोवर सुरुवात करू.

चौकट्या म्हणजे आपला फोटोफ्रेमवाला. खाली दुकान, वर घर, त्याच्यावर गच्ची. हात असा की काचेवर हिरा ओढला तर रेघ केसाएवढी बारीक आणि दोरी ताणल्यासारखी सरळ. बायको दुकानात बरोबरीनं राबते. त्याची एक फ्रेम होईस्तोवर तिच्या दोन होतात, आणि ही गोष्ट ती त्याला न चुकता ऐकवते. (फ्रेमागणिक एकदा.)

गडी तसा सरळमार्गी. नाद एकच, रायफल क्लब. सुट्टीच्या दिवशी पोटावर पालथं पडायचं, लांबच्या कागदावर गोळ्या झाडायच्या आणि कोपरं सोलून घरी यायचं. इतकी वर्षं कोपरं सोलल्यावर आता कुठं लांब पल्ल्याच्या मॅचला टीममध्ये त्याचं नाव लागायची वेळ आली होती. आठशे मीटर! तेवढ्यावरून टारगेट म्हणजे मोहरीचा दाणा. तिथं नुसत्या डोळ्याचं काम नाही, रायफलीवर दुर्बीण लागते.

दुर्बीण ठरली होती. नळी ठरली, भिंग ठरलं. राहिली होती फक्त जाळी. म्हणजे आत डोळा लावला की ज्या बारीक रेघा दिसतात ना, ती. इंग्रजीत रेटिकल की कायसं म्हणतात. तुम्ही सांगाल ती जाळी कंपनी काचेवर कोरून देते, पण एकदा कोरली की कोरली. परत घेणार नाही, बदलून देणार नाही.

नमुने होते तीन. एक साधी फुली, कडेला जाड आणि मध्यावर बारीक. दुसरी ठिपक्यांची, फुलीवरच सारख्या अंतरानं ठिपके, अंतर मोजायला. आणि तिसरं झाड. फुलीच्या खाली ठिपक्यांच्या ओळींवर ओळी, प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा रुंद, बालवाडीतल्या पोरांनी काढलेल्या झाडासारखं. गोळी लांब जाताना खाली पडते, वारा तिला बाजूला ढकलतो. म्हणून मधली फुली सोडून खालचा, बाजूचा जो योग्य तो ठिपका टारगेटवर धरायचा आणि चाप ओढायचा.

आता चौकट्यापुढं तीन नमुने ठेवणं म्हणजे लहान बाळापुढं इंजिन खोलून ठेवणं. (स्वतःच्या लग्नाला शर्ट निवडायला त्यानं एवढा वेळ लावला की शेवटी मेव्हण्याचा घालून उभा राहिला. फोटो आहे. फ्रेम केलेला.) सकाळी फुली ठरायची, दुपारी ठिपके, जेवताना झाड.

"अगं, फुलीत कसं, मोकळं दिसतं," तो घास हातात धरून म्हणायचा. "पण वारा आला तर?"

"खिडकी लावा."

"इथला नाही गं, तिथला वारा! झाड असलं की वाऱ्याचा हिशेब आतच होतो. पण गर्दी फार. टारगेटच झाकलं तर?"

"मग ठिपके घ्या."

"ठिपक्यांचं सगळं मधलंच. धड इकडं ना तिकडं."

"तेच घ्या," बायको म्हणाली. "तुम्हाला शोभेल."

क्लबाचे अध्यक्ष म्हणजे एक मिशी होती. आधी मिशी खोलीत यायची, मागनं अध्यक्ष. ते आता पद सोडणार होते. निरोपाच्या समारंभात हॉलच्या भिंतीवर त्यांचा मोठा फोटो लागायचा होता आणि त्यानंतर ते टीमची नावं वाचून मोकळे होणार होते. फोटोची फ्रेम अर्थातच चौकट्याकडं. ते काम सांगायला बोलावलं तेव्हाच अध्यक्षांनी विचारलं, "काय रे, दुर्बीण आली?"

"जाळीचं चाललंय, साहेब. विचार."

"अजून? ज्याला रेघ निवडता येत नाही तो चाप कधी ओढणार? वारा दिवसभर थांबतो का तुझ्यासाठी? हे बघ. समारंभाला ये आणि काय ठरलं ते सांग. नाही ठरलं तर तुझं नाव काढलं. तुझ्या जागी चिटणीस जाईल."

चिटणीस बाजूलाच उभा होता. त्यानं लगेच टायची गाठ सारखी केली, जणू आत्ताच निघायचंय मॅचला.

चौकट्याची झोप उडाली. नुसती चित्रं बघून ठरत नाही म्हटल्यावर त्याच्या डोक्यात किडा वळवळला. तो कोण? काचवाला! त्यानं तीन काचा काढल्या, एकेका काचेवर हिऱ्यानं एकेक जाळी कोरली, अगदी बरोब्बर मध्यावर, आणि गच्चीत जुन्या खिडकीच्या चौकटीत एकेक काच लावून स्टुलावर बसला. एक डोळा मिटायचा आणि काचेतून पार तिकडच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरायचा. (समोरच्या बाईंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी पडदे बदलले.)

रेघा एवढ्या नाजूक की उजेडासमोर धरल्या तरच दिसाव्यात. काच टेबलावर ठेवली की कोरी करकरीत. इथंच घोळ झाला. कारण तिसरी काच कमी पडली म्हणून त्यानं झाड कोरलं होतं ते साहेबांच्या फोटोसाठी कापून ठेवलेल्या काचेवर. मागनं दुसरी कापू, असा बेत. आता बेत बायकोला सांगितला असता तर तो चौकट्या कसला?

समारंभाचा दिवस उजाडला. चौकट्या सकाळपासनं गच्चीत. फुली बघून झाली, ठिपके बघून झाले. आता एकदा शेवटचं झाड बघायचं आणि ठरवून टाकायचं, असं म्हणत तो खाली आला. जिन्यापाशी काच नाही.

"अगं, झाड कुठंय?"

"कुठलं झाड?"

"इथं जिन्यापाशी ठेवलं होतं."

"जिन्यापाशी साहेबांची काच होती. चिटणीस डोक्यावर येऊन उभा होता, म्हणून पुसली, बसवली, दिलीसुद्धा. म्हटलं, एक तरी काम यांनी वेळेवर केलं."

चौकट्या पायरीवर बसला.

"काय झालं?"

"झाड... साहेबांवर गेलं."

"अगं बाई! लागलं का फार?"

मग त्यानं सगळं सांगितलं. बायकोनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हीच तर भीतीची गोष्ट.

"आणि हे मला आधी सांगायला तोंडाला काय खळ लावली होती?"

"तू ओरडली असतीस."

"मग आता काय गाणं म्हणू? उठा! दुसरी काच कापा!"

अर्ध्या वाटेपर्यंत पळत, पुढं चालत, दोघं हॉलवर पोचली. चौकट्याच्या कोटात पाठीशी नवी काच, बायकोच्या पर्समध्ये पक्कड आणि पेचकस. फोटो भिंतीवर चढला होता, वर पडदा सोडलेला, पडद्याच्या वर एक छोटा दिवा. आणि खाली चिटणीस, पहारा देत.

"फ्रेमचा खिळा जरा बघतो," चौकट्या म्हणाला.

"मी ठोकलाय. बघायचं काम नाही."

"काच पुसायची राहिली."

"वहिनींनी माझ्यासमोर पुसली."

"मागनं पुसायची राहिली."

"तू जाळीचं काय ठरवलंस?" चिटणीसानं विचारलं.

चौकट्या बाजूला सरकला. कोटात काच, त्यामुळं त्याला बसता येईना, वाकता येईना. अध्यक्षीणबाई समोर आल्या तर नमस्कारसुद्धा ताठ मानेनं केला. बाई नवऱ्याच्या कानात कुजबुजल्या, "टीममध्ये यायच्या आधीच एवढा ताठा?"

शेवटी बायको पुढं झाली. "भावजी, तुमच्या टायला मागं काय लागलंय हो? पिवळं काहीतरी..." चिटणीस दचकून आरशाकडं धावला. चौकट्या खुर्चीवर चढला. फोटो काढून काच बदलायला वेळ नव्हता, पण दिवा हाताशी होता. उजेड नाही तर रेघा नाहीत! त्यानं दिव्याला अर्धा आटा मारला, सैल केला आणि उतरला.

भाषणं झाली. पडदा ओढला. फोटोत अध्यक्ष, अध्यक्षांत मिशी, आणि काच कोरी करकरीत. टाळ्या! चौकट्याच्या छातीवरनं जसा काही दगड उतरला. त्यानं बायकोकडं बघून डोळे मिचकावले. तिनं नाही मिचकावले. तिचं लक्ष चिटणीसाकडं होतं.

"एक मिनिट, एक मिनिट," चिटणीस खुर्ची ओढत म्हणाला. "दिवा लागला नाही." चढला, आटा फिरवला.

आणि काय सांगू! वरनं उजेड पडला तशी एकेक रेघ पांढरीशुभ्र पेटली. फुलीची उभी रेघ कपाळावरनं खाली. फुली नाकाच्या शेंड्यावर, सुईनं टोचावी तशी. (त्यानं मध्यावर कोरलेली, तिनं मध्यावर बसवलेली. दोघंही कारागीर पक्के.) आणि तिथनं ठिपक्यांच्या ओळी मिशीवरनं, हनुवटीवरनं, टायवरनं पसरत पसरत पोटापर्यंत. साहेबांचा कुणीतरी नेम धरलाय आणि आता फक्त चाप ओढायचा बाकी आहे, असा सगळा थाट.

चौकट्याला टीम दिसायची बंद झाली. रायफल दिसायची बंद झाली. क्लबाचं फाटक दिसलं, बाहेरच्या बाजूनं.

अध्यक्षांनी चष्मा लावला आणि फोटोजवळ गेले. त्यांच्या मागोमाग अध्यक्षीणबाई गेल्या. बाईंनी मान तिरकी केली, सरळ केली, परत तिरकी केली आणि एकदम टाळी वाजवली.

"बघा! बघा! डावीकडं आहे की नाही?"

"काय डावीकडं?" अध्यक्ष.

"नाक! लग्न झाल्यापासनं सांगतेय, तुमचं नाक वाकडं आहे. आता रेघ सरळ आहे ना? मग नाक कुठं चाललंय बघा!"

हॉलमध्ये एकजण फिसकन हसला. मग दुसरा. मग सगळेच. अध्यक्षांनी स्वतःचं नाक चाचपलं, रेघ बघितली, परत नाक चाचपलं.

"कुणी केलं हे?"

चिटणीसानं बोट दाखवलं. एवढ्या आनंदानं बोट दाखवलेलं आजवर कुणी पाहिलं नसेल.

"साहेब... ते... जाळी..." चौकट्या पुटपुटला. बायकोनं मागनं कोपर मारलं, ते कोटातल्या काचेला लागलं. "झाड, साहेब!" तो बोलून गेला.

"म्हणजे ठरलं तुझं?" अध्यक्ष ओरडले. मिशी वर गेली. "अरे, तोंडानं काय, कुणीही सांगेल. यानं माझ्यावर कोरून आणलं! शूटरच्या फोटोला नुसती काच लावतात का? अशी काच पाहिजे!"

चौकट्यानं बायकोकडं बघितलं. बायकोनं छताकडं बघितलं.

"पण निवड चुकली रे," अध्यक्ष आणखी जवळ गेले. "एवढे ठिपके माझ्या मिशीवर. एवढी मिशी, तरी धड दिसत नाही. मग आठशे मीटरवरचं टारगेट काय दिसणार, माझं कपाळ? साधी फुली घे. उद्याच कळव कंपनीला."

"हो साहेब! फुली, साहेब! एकदम फुली!"

इतके दिवस मानगुटीवर बसलेलं भूत दुसऱ्याच माणसानं एका वाक्यात उतरवलं होतं. चौकट्याला वाटलं, साहेबांच्या गळ्यात पडावं. अध्यक्षांनी नावं वाचली. चौकट्याचं नाव आलं. चिटणीसाचं नाही आलं. इतका हलका झाला तो, की आनंदानं पटकन खुर्चीवर बसला. कोटात कडाडकन आवाज झाला. पण टाळ्यांत तो एकट्या बायकोला ऐकू आला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती हसली.

निघताना अध्यक्ष दाराशी थांबले. भिंतीवर त्यांच्या आधीचे सगळे अध्यक्ष ओळीनं टांगलेले. त्यांच्यावर नजर फिरवत म्हणाले, "मग यांनी काय घोडं मारलंय? सगळ्यांना करून दे, क्लबाला भेट म्हणून. आणि ज्याची त्याची जाळी ज्याच्या त्याच्या घरच्यांना विचारून."

तेव्हापासनं दुकानात वारसांची रीघ लागली आहे. पहिल्या अध्यक्षांच्या एका मुलाला फुली हवी, दुसऱ्याला ठिपके, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, चौकट्याशी बोलतात. दुसऱ्यांच्या सूनबाईंना झाड हवं, पण साहेबांच्या झाडापेक्षा एक ओळ जास्त. तिसऱ्यांचे जावई रोज येतात, नमुने बघतात आणि म्हणतात, "घरी विचार करून सांगतो."

"अहो, तीनच तर नमुने आहेत!" चौकट्या कळवळून म्हणतो. "एवढा काय विचार करायचा असतो त्यात?"

बायको हातातली फ्रेम खाली ठेवते आणि त्याच्याकडं नुसती बघते.

तर भानगड थांबली ती त्याच्याच दुकानात, आणि एक साधी फुली त्याला केवढ्याला पडली म्हणाल, तर: भिंतीवरच्या सगळ्या अध्यक्षांच्या काचा पदरच्या, मजुरी पदरची, आणि येईल त्या वारसाला दोनदा चहा. दोनदा, कारण पहिला कप निवड होईस्तोवर गार होतो.