कुलुपाच्या गंजाची तपासणी

आर्णीजवळच्या एका तांड्याचे आरोग्य उपकेंद्र दोन वर्षांपासून रीतसर सुरू होते. फक्त त्याला कुलूप होते. त्यामुळे तांड्याचे नाईक खेमसिंग यांना सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या नातीसाठी, अंजूसाठी, गोळ्या आणायला दर महिन्याला आर्णी गाठावी लागे, आणि येताना सरकारच्या नावाने बोटे मोडावी लागत.

एक दिवस जनुक-संशोधनाचे पथक आले. उपकेंद्र बंद, म्हणून लिंबाखाली टेबल मांडले. पथकाच्या दीपा मॅडमनी समजावले, "बाळाच्या रक्ताचं चांगलं जनुक सगळ्यांत असतं. जन्मानंतर ते बंद पडतं. पुन्हा चालू झालं, तर अंजूचा त्रास कमी होईल. आम्ही त्याचं बटन शोधतोय."

"म्हंजे हाये, पण बंद हाये?" खेमसिंग खूश झाले. "आमचं उपकेंद्र बी तसंच! पयले त्याचं बटन शोधा, मॅडम!"

तांडा हसला. हसता हसता खेमसिंगांच्या कमरेला काहीतरी टोचले. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. तालुक्याचे साहेब मारोतराव मात्र हसले नाहीत. त्यांनी नोंद केली.

आठवड्याभरात समिती आली. कुलुपाचा गंज खरवडून डबीत भरला. संमतीपत्रावर कडीचा ठसा घेतला. नमुना पुण्याला गेला. अहवाल आला: 'कुलूप निरोगी. दोष नियमनात.'

"मंग तोडा ना मेलं ते!" खेमसिंगांची बायको मानीबाई कडाडली.

"तोडता येत नाही, बाई. नोंदीत चावी चालू आहे," मारोतराव म्हणाले. "चावी हरवल्याचं नाईकांनी लिहून द्यावं. कुलूप निघालं की उद्या नर्स हजर, गोळ्या इथंच."

खेमसिंगांनी पेन धरला. पेन हलेना.

"दादा, काहून थांबला? कर ना सही," अंजू आजोबांना म्हणाली.

"काय करतीन ते सही!" मानीबाई म्हणाली. "कमरेले हात लावून पाहा जरा."

दोन वर्षांपूर्वी आधीच्या नर्सची बदली झाली, तेव्हा ती चावी नाईकांकडेच देऊन गेली होती. 'दिवाळीपर्यंत' म्हणून त्यांनी आत आपली तूर ठेवली. मग तांड्यानेही ठेवली. त्यानंतर दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या.

खेमसिंगांनी अंजूकडे पाहिले आणि करदोड्याची चावी सोडली. कुलूप खटकन उघडले. आत खाटांवर पोती निवांत पहुडली होती.

मारोतरावांनी गंभीरपणे लिहिले: 'दाखल रुग्ण बेचाळीस. प्रकृती उत्तम. दोघांना भुंगा.'

तांडा पुन्हा हसला, पण या खेपेला जरा बेतानेच. आपलं पोतं कोणत्या खाटेवर आहे, हे ज्याचं त्याला ठाऊक होतं. तुम्हीही हसलाच असाल. हसा, पण आधी कंबर चाचपून घ्या.