निरोप्या पाहुणा

पाहुण्यानं घरात पाऊल टाकलं आणि काकू त्याला म्हणाल्या, "त्यांना सांग, चपला दारात काढायच्या असतात."

'ते' समोरच खुर्चीत बसले होते आणि चपला त्यांच्याच पायात होत्या. काकांना कमी ऐकू येत असेल, असं समजून पाहुण्यानं, म्हणजे ढोल्यानं, तेच वाक्य मोठ्यानं सांगितलं.

"ऐकू येतं मला," काका म्हणाले. "आता तिला सांग, पाय माझे आहेत."

ढोल्या देशोदेशींच्या पोरापोरींच्या एका नाचगाण्याच्या चमूत ढोल वाजवायचा. दिवसा इस्पितळाच्या खाटा रंगवायच्या, संध्याकाळी कार्यक्रम करायचा आणि गावात जो ठेवून घेईल त्याच्याकडे झोपायचं. गाव बदललं की गादी बदलायची आणि काका-काकूही बदलायचे. या गावची भाषा चमूत त्याला एकट्यालाच येत होती आणि या घरानं तर 'भाषा येणारा पाहुणा हवा' अशी अटच घातली होती. "केवढं हे अगत्य," चमूच्या मॅनेजरबाई म्हणाल्या होत्या. त्या अगत्याचं इंगित पहिल्याच जेवणात उघड झालं.

मुलगी घर सोडून गेल्यापासून हे नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते. ती निघाली तेव्हा बाप दारात म्हणाला होता, "गेलीस तर परत येऊ नकोस." पोरगी नेमकी ऐकणाऱ्यातली निघाली. तेव्हापासून घरात कुणी पाहुणा असला की त्याच्या तोंडून साचलेलं बोलून घ्यायचं आणि पाहुणा गेला की पुन्हा तोंडाला कुलूप. ढोल्याला झोपायला मुलीचीच खोली मिळाली होती. तिचे कपडे अजून कपाटात होते. त्या खोलीत त्याला फार उदास वाटायचं.

पण उदास होऊन चालणार नव्हतं. त्याच्या नावावर आधीच दोन तक्रारी होत्या. एका घरी त्यानं भल्या पहाटे जेवणाच्या टेबलावर ताल धरला होता आणि दुसऱ्या घरी नळ उघडा टाकून अख्खं घर भिजवलं होतं. "आणखी एक घर नाराज झालं की घरचं तिकीट," मॅनेजरबाईंनी बजावलं होतं. घरी जायचं तरी कोणत्या तोंडानं? दुकानमालकाला नाही नाही ते सुनावून त्यानं नोकरी सोडली होती आणि अख्खी गल्ली त्याला पोचवायला आली होती. तेव्हा या घरात भांडण पेटू द्यायचं नाही, एवढं त्यानं मनाशी ठरवलं.

"तिला सांग, भाजी खारट झालीय," काका म्हणाले.

ढोल्या स्वयंपाकघरात गेला. "काकू, भाजी झकास झालीय म्हणतात."

काकूंच्या हातातला डाव थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच भाजी आणि तेवढंच मीठ.

"तिला विचार, मला मारायचं ठरवलंय का?"

"काकू, जीव ओवाळून टाकावा अशी झालीय म्हणतात."

मग काकूंनी पातेलंभर केली. काका तांब्यावर तांब्या पाणी पीत राहिले. खुललेल्या काकूंनी त्यांच्या शर्टांची तुटकी बटणंही लावून टाकली. "माझ्या कपड्यांना हात लावायला कुणी सांगितलं, विचार तिला," असं काका गुरगुरले, ते ढोल्यानं "आभार मानतात" असं पोचवलं. खोटं बोल पण रेटून बोल, हे त्याला ठाऊक होतं. रेटलेलं कुठं जाऊन आदळतं, ते ठाऊक नव्हतं.

एका दुपारी भांडी पुसता पुसता काकू हळूच म्हणाल्या, "त्यांना विचार, पोरीला बोलवायचं का."

ढोल्यानं विचारलं. काका वर्तमानपत्राआड होते. बराच वेळ पान उलटलं नाही. शेवटी ते म्हणाले, "सांग, ज्यानं त्यानं आपलं बघावं."

ढोल्या परत आला तेव्हा काकू कोरडंच फडकं पिळत उभ्या होत्या. त्याला त्यांची फार दया आली.

"बोलवा म्हणाले," तो म्हणाला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ढोल्या ढोल खांद्याला लावून निघतच होता आणि मुलगी दारात उभी राहिली. हातात बॅग होती.

"बाबा, तुम्ही बोलावलंत?"

काका उठले. त्यांनी सवयीनं ढोल्याकडे पाहिलं. "याला विचार."

आणि नको त्या वेळी ढोल्या खरं बोलून गेला. "काका तसं म्हणाले नव्हते. ज्यानं त्यानं आपलं बघावं म्हणाले होते. 'बोलवा' हे माझ्या पदरचं."

मुलगी मागं वळली. काकूंनी भिंतीला हात टेकला.

"गाढवा," काका ढोल्यावर ओरडले, "इतके दिवस खोटं सांगितलंस, मग आजच खरं बोलायची दुर्बुद्धी कुठून सुचली?"

मुलगी पायरी उतरत होती. काकांनी पुन्हा ढोल्याकडे पाहिलं. ढोल्यानं मान खाली घातली. निरोप न्यायला आता कुणीच उरलं नव्हतं.

"थांब," काका स्वतःच म्हणाले. "चुकलं माझं."

ती थांबली. काकूंना रडू फुटलं. मग डोळे पुसत त्यांनी आतून ढोल्याची पिशवी आणून त्याच्या हातात दिली. "तिला खोली लागेल," त्या म्हणाल्या. "तू आता जा."

रंगमंचामागं मॅनेजरबाईंनी ती पिशवी पाहिली. "घराबाहेर काढलं तुला?"

"त्यांची मुलगी आलीय."

बाईंचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी तिथल्या तिथं काकांना फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन ढोल्याच्या तोंडापुढं धरला. "विचार, काय केलंस तू त्यांच्याकडं."

ढोल्यानं बाईंचा प्रश्न काकांना त्यांच्या भाषेत विचारला. काका फोनवरही ओरडूनच बोलत. "तिला सांग, पोरगा गुणी आहे. माझ्या घरासाठी त्यानं जे केलं ते सख्ख्या मुलानं केलं नसतं." मागं काकूंचं रडणं अजून चालूच होतं.

"काय म्हणतात?"

ढोल्यानं शब्दन् शब्द सांगितला. एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही.

"माणूस शिव्या देतोय, मागं बाई हुंदके देतेय, आणि तू म्हणतोस, गुणी पोरगा?" बाई म्हणाल्या. "उद्या सकाळची गाडी आहे. ढोल इथंच ठेव."

"काय रे, काय म्हणाल्या बाई?" फोनमधून काका विचारत होते.

ढोल्यानं ढोल खांद्यावरून उतरवला.

"काही नाही काका," तो म्हणाला. "खूश झाल्या म्हणतात."